फटफटीची बॅटरी आणि आबांचं ‘व्हय’

६ जाने., मंगळवार
आज सलग तिसऱ्या दिवशी आबा शेडमध्ये. काठी टेकत जातात, फटफटीजवळ उभे राहतात, डाव्या हाताने सीटवर थापा मारतात. उजवा हात तसाच लोंबत.
मी पोस्टातल्या कामावरून दुपारी एकला आले तर स्वयंपाकघरात ओट्यावर, कणकेच्या परातीला लागून, फटफटीची बॅटरी! एका हाताने कशी काढली, कशी आणली, देवाला ठाऊक. वर पांढरी भुकटी साचलेली, कडा फुगलेल्या, खाली ओघळ. पुसलं तर फडक्याला भोकं पडली.
"आबा, हे काय?" "व्हय."
"खराब झालीय का?" "व्हय."
"मग बाहेर ठेवू?" "व्हय."
बाहेर ठेवली. पाच मिनिटांनी परत ओट्यावर.
श्रावणात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून एवढा एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे. आधीही माझ्याशी फार बोलायचे अशातला भाग नाही. पंधरा वर्षांत सासऱ्याचं नि माझं बोलणं म्हणजे ताट वाढलं, पाणी तापलं, पेन्शनच्या कागदावर सही करा. पण तेव्हा निदान कळायचं तरी.

७ जाने., बुधवार
ह्यांना फोन लागला. तिकडे राजस्थानात, नोकरीच्या गावी, थंडी लय आहे म्हणाले.
बॅटरीचं सांगितलं. म्हणाले, "मेली असंल. एक नवी आणून बसव. नाहीतरी माने बघायला येणार हायत, गाडी चालू दिसली पाहिजे."
माने म्हणजे विट्याचे. जुन्या गाड्या जमवतात. दिवाळीत हे सुट्टीवर होते तेव्हा आले होते. बाहेर सोप्यात बसून आबांना विचारलं, "आबा, फटफटी मला द्यायची का?" आबा म्हणाले, "व्हय." मी आत चहा गाळत होते, ऐकलं. ह्यांनी लगेच मान्यांच्या हातात हात दिला.
आबांची मिलिटरी लिलावातली गाडी ती. हे जन्मायच्या आधीपासूनची.
तेव्हाही मनात आलं होतं की हे ‘व्हय’ कसलं. बोलले नाही.

९ जाने., शुक्रवार
पलूसला गेले. बॅटरीच्या दुकानात पहिलाच प्रश्न, किती व्होल्टची?
मला काय ठाऊक. जुन्या बॅटरीवरचं लेबल झिजून गेलंय. फोटो दाखवला. मालक म्हणाला, "बाराचीच असती ताई, सगळ्या गाड्यांना बाराच." शेजारी स्टुलावर बसलेला त्याचा मेव्हणा म्हणाला, "न्हाई वं, जुन्यांना सहा असतंय." मालक म्हणाला सहा आता मिळतच नाही. मेव्हणा म्हणाला मिळतंय, सांगलीत. दोघांचीच जुंपली. मी बाहेर.
घरी येऊन आबांना सरळ विचारलं. "आबा, बॅटरी बाराची का सहाची?"
त्यांनी मग डाव्या हाताची तीन बोटं वर केली.
"तीन?" "व्हय."
"सहा?" "व्हय."
"बारा?" "व्हय." पण बोटं तीनच. खाली घेईनात.
तीन व्होल्टची बॅटरी टॉर्चला असते.

११ जाने., रविवार
संजय मेस्त्री आला. गावात मोटारसायकली तोच बघतो. म्हणाला, "वैनी, डोकं कशाला चालवताय, माझ्याकडं बाराची सीलबंद पडून हाय, लावून बगू. पाणी न्हाई, काय न्हाई, लावा नि विसरा." लावली. बटण दाबलं.
दिवा असा पेटला की शेड पांढरी झाली. दोन क्षण. मग टप् करून आवाज आणि काळोख. बल्ब गेला. मागचापण गेला.
आबांनी काठी आपटली जमिनीवर. एकदा, दोनदा. मग संजयच्या तोंडासमोर तीन बोटं धरली.
संजय माझ्याकडे बघून हसला. हळूच म्हणाला, "आबांचं डोकं ठिकाणावर न्हाई वैनी आता."
मीही हसले त्याच्याबरोबर. का हसले कोण जाणे. आबांनी बघितलं. मग ते आत गेले आणि दिवसभर शेडकडे फिरकले नाहीत. जेवताना मान वर केली नाही.
हे लिहून ठेवतेय कारण मला लाज वाटली.

१२ जाने., सोमवार
सांगलीच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलेला अभ्यास घेतला. एक ते दहा मोजायचे, मी सुरू करायचं, ते मागून. हे त्यांना जमतं. मॅडम म्हणतात तोंडात बसलेलं असतं ते येतं, स्वतःचं म्हणून जे बोलायचं ते येत नाही. एक, दोन, तीन… दहापर्यंत नीट आले. पुन्हा घेतलं, पुन्हा दहापर्यंत.
मग सहज म्हणून त्यांना शेडमध्ये नेलं. जुनी बॅटरी समोर ठेवून म्हटलं, "आता मोजा."
"एक. दोन. तीन."
थांबले. मी म्हटलं, "चार." त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. श्रावणापासून पहिल्यांदा मला ‘नाही’ मिळालं, तेही मानेने.
म्हणजे तीनच. पण तीन काय?

१३ जाने., मंगळवार
सांगली. आज भोगी, एसटीला गर्दी. आबांना खिडकी मिळाली.
मॅडमना विचारलं, "आबांना कळतं किती?" म्हणाल्या, "बरंच कळत असावं. पण त्यांच्या हो-नाहीवर विसंबू नका. हो हा शब्द तोंडाला चिकटलेला असतो, तो आपोआप येतो. ते काय करतात ते बघा." बघतेच आहे की. ओट्यावर बॅटरी आणून ठेवतात.
जुनी बॅटरी पिशवीत घालून बरोबर नेली होती. विचारत विचारत बशीरचाचांकडे गेलो. मागच्या गल्लीत, पत्र्याचं छोटं दुकान, बॅटऱ्या उघडून दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. दाढी पांढरी, बोटांची टोकं ॲसिडने पिवळी. मी म्हटलं, "चाचा, हे म्हणतात तीन, दुकानवाले म्हणतात बारा, कुणी म्हणतं सहा."
चाचांनी बॅटरी हातात घेतली, वरची टोपणं बोटाने पुसली. "कोण म्हणतंय तीन?"
"हे. माझे सासरे."
"बरोबर म्हणत्यात की. हे बगा. एक टोपण, दोन, तीन. तीन घरं हायत आत. एकेका घरात दोन व्होल्ट. तीन दुणे?"
मी टोपणांवर बोट ठेवून मोजायला लागले.
"सहा," चाचा म्हणाले. "बाराच्या बॅटरीला सहा टोपणं असत्यात. आता सहा म्हटलं की दुकानात घोटाळा होतो, सहा घरं का सहा व्होल्ट. जुना माणूस घरं मोजतो. घर मोजलं की चूक व्हत न्हाई."
आबा स्टुलावर बसले होते. डोळे भरून आलेले. चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "फौजी का?" "व्हय."
हे एक ‘व्हय’ खरं होतं. एवढं नक्की.

(तीच तारीख, संध्याकाळ) पुढचं लिहायचं राहिलं. चाचांनी दोन बॅटऱ्या मांडल्या, दोन्ही सहाच्या. एक सीलबंद, काही बघायला नको. दुसरी पाण्याची, पंधरा दिवसांनी टोपणं उघडून बघायचं, कमी झालं तर भरायचं. मला विचारलं, "गाडी रोज चालणार का उभी राहणार? रोज चालणार असंल तर कुठलीपण घ्या, गाडी चार्ज करती. उभी राहणार असंल तर महिन्याला काढून चार्ज करायला लागंल, न्हाईतर ही अशीच मरंल."
 चालवणार कोण? आबांचा उजवा पाय धड नाही. हे राजस्थानात. मान्यांनी नेली तर ते जाणे. मी म्हटलं, "आमचं अजून ठरलं नाही." चाचांना ते विचित्र वाटलं असेल. बॅटरी घ्यायला आलेलं माणूस म्हणतंय गाडीचं ठरलं नाही.
तेवढ्यात आबा उठले आणि पाण्याच्या बॅटरीवर हात ठेवला. जिला निगा लागते तिच्यावर. हात उचलेनात.
तीच सांगितली. ॲसिड भरून, पहिलं चार्जिंग सावकाश करून चाचा ठेवणार. "पयल्या चार्जला घाई केली की जन्मभर रड," म्हणाले. पुढच्या मंगळवारी न्यायची.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. बायका येऊन गेल्या. आबांना तीळगूळ दिला, ‘गोड बोला’ म्हणायचं मात्र टाळलं. त्यांनीच माझ्या हातावर अर्धी वडी ठेवली.
ह्यांना तीन घरांचं सगळं सांगितलं.  हे म्हणाले, "आबा असंच करायचे. आख्खं वाक्य सांगायचे न्हाईत. आपण ओळखायचं."
मी म्हटलं, मान्यांचं जरा थांबवू या का?
"का?"
म्हटलं, बॅटरी मंगळवारी मिळणार आहे, तोवर.

२० जाने., मंगळवार
नवी बॅटरी आणली. मांडीवर पिशवी, पिशवीत बॅटरी, सरळ धरायची, कलंडायची नाही. कंडक्टर म्हणाला, "ताई, काय हाय त्यात?" मी म्हटलं, "देव." खोटं का बोलले मलाच कळेना, ॲसिड म्हटलं तर उतरवेल असं वाटलं. तो पाया पडून पुढे गेला. आबांच्या घशातून कसलातरी आवाज आला. बघते तर हसत होते! खांदे हलत होते त्यांचे. पलूस येईपर्यंत त्यांचा डावा हात पिशवीवर.
चाचांनी सांगितलेलं, विसरेन म्हणून: डिस्टिलचंच पाणी, नळाचं अजिबात नाही. ॲसिड परत कधीही घालायचं नाही, फक्त पाणी. दोन रेघांच्या मध्ये पातळी. टर्मिनलवर व्हॅसलीन. बाजूचा रबरी पाईप खाली मोकळा सोडायचा, नाहीतर वाफ साचते, लोखंड खाते. छोटा चार्जर दिलाय, सहावर ठेवायचा.

२१ जाने., बुधवार
आज बसवली. 
पाना मी धरला, बोट दाखवायचं काम आबांचं. चौकटीत बॅटरी बसली, पट्टा आवळला. दोन वायरी. एक गाडीच्या बॉडीला जाते, दुसरी वरती दिव्याकडे. पोस्टात इन्व्हर्टरवाल्याने एकदा सांगितलेलं मला पक्कं आठवतं, मायनस बॉडीला. मोबाईलवरही बघून ठेवलेलं, तिथंही मायनस बॉडीला.
आबांनी बॉडीची वायर उचलून प्लसवर धरली.
"आबा, उलटं होतंय." "व्हय."
मी वायर मायनसवर नेली. त्यांनी परत प्लसवर. मी परत मायनसवर. तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट. मला वाटलं, बघ, तीन घरांचं जमलं म्हणून सगळंच जमेल असं नाही. गोंधळलेत. हळूच हात सोडवून घेतला, माझ्या मनाने जोडलं.
दुसरी वायर टेकवली मात्र, ठिणगी, चर्र, करपल्याचा वास. फ्यूज उडाला.
मी ओरडले. आबा ओरडले नाहीत. खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली (तंबाखू झटक्यापासून बंद), झाकण छातीवर दाबून उघडलं. आत चार फ्यूज, कापसात गुंडाळलेले. एक माझ्या हातावर ठेवला.
चाचांना फोन केला. आधी विचारलं, "जळालं काय काय?" मग म्हणाले, "मिलिटरीची जुनी हाय म्हणालीस की. त्यात इंग्लिश वायरिंग, प्लस बॉडीला असतो. सगळं जग उलटं करतंय, ती गाडी तशी. मीच विचारायला पायजे होतं, बेटी. तुझ्या सासऱ्याला विचार, त्यांना म्हाईत असंल."
त्यांना माहीतच होतं. मनगट धरून सांगत होते.
त्यांनी सांगितलं तसं जोडलं. नवा फ्यूज. हॉर्न वाजला. बारीक, घसा बसलेला, पण वाजला. आबांनी परत परत वाजवला. शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

२३ जाने., शुक्रवार
बॅटरी बसली तरी गाडी चालू कोण करणार. किक उजवीकडे, आबांच्या उजव्या पायात जोर नाही. मी मारली. किकने उलटा रट्टा दिला, नडगी सुजलीय. पोस्टात लंगडत गेले. विचारणाऱ्यांना म्हटलं जिन्यावरून पडले. आमच्या घराला जिना नाही.

२५ जाने., रविवार
झाली चालू!
आबांनी तंत्र दाखवलं. पुढे दिव्यावर बारका काटा आहे, बॅटरीत करंट येतोय का जातोय ते दाखवणारा. किल्ली फिरवली की किक हळूहळू दाबत न्यायची, नजर काट्यावर. काटा एका बाजूला झुकतो, मग मध्ये येतो. मध्ये आला की थांबायचं, हँडलवरचा छोटा दांडा ओढून किक जराशी पुढे, सोडायचा, मग एकदम दणका. हे सगळं त्यांनी एका बोटाने शिकवलं. काट्यावर बोट, मग हवेत थांबलेला तळवा. मग खाली दणका.
अकराव्यांदा सुरू झाली. आवाज असा की छातीत वाजतो. आबा मागे भिंतीला टेकून, डोळे मिटून, मान एका लयीत हलत होती.
मला रडू आलं. आनंदानेच असावं.

२६ जाने., सोमवार
शाळेत झेंडावंदन. माजी सैनिक म्हणून दरवर्षी आबा पुढच्या खुर्चीत. यंदा येणार नाहीत वाटलेलं, पण पहाटेच दाढीचं सामान मांडून बसले.
झेंडा वर गेला आणि आबांच्या तोंडून स्पष्ट, खणखणीत, "साऽवधान!" सगळे चमकले. पोरं ताठ. हेडमास्तरांनी मला विचारलं, "बोलायला लागले काय?"
घरी येताना मी म्हटलं, "आबा, पुन्हा म्हणा." "व्हय."
शब्द आहेत तर. पण त्यांच्या हुकमात नाहीत. मग कुठलं त्यांचं नि कुठलं नुसतं तोंडाचं, हे मी कशावरून ओळखायचं?

२९ जाने., गुरुवार
ह्यांचा फोन. गाडीचा आवाज ऐकवला होता त्यांना परवा, खूश होते. आज मी सगळं बोलून टाकलं. म्हटलं, आबांना सगळं कळतंय. तीन घरं, प्लसची वायर, काटा, सगळं. आपणच त्यांना येड्यात काढत होतो.
हे म्हणाले, "तेच म्हणतोय मी. सगळं कळतंय ना? मग दिवाळीत मान्यांना व्हय म्हणाले ते पण कळूनच म्हणाले असतील. आबांनी शब्द दिलाय. आबांचा शब्द म्हणजे माहिताय तुला."
 असं होईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आबांचं डोकं शाबूत आहे म्हणावं तर शब्द पाळायला हवा. शब्दाला अर्थ नव्हता म्हणावं तर मग मनगट धरलेलं तेही खोटं.
हे पुढे हळू आवाजात म्हणाले, "मला भ्या वाटतं गं. एखाद्या दिवशी तू पोस्टात असशील नि आबा एकटे गाडीवर बसतील. मी तिथं न्हाई."  तेही खरंच आहे.

१ फेब्रु., रविवार
टोपणं उघडून बघितली. पातळी ठीक. टर्मिनल पुसून व्हॅसलीन. आबा खुर्ची घेऊन शेजारी. व्हॅसलीन जास्त लागलं तर नाक मुरडतात.
आज एक नवीनच विचार. आबा बॅटरीच्या मागे लागले ते गाडी ठेवायची म्हणून, असं मी धरून चाललेय. पण फौजेतला माणूस. ड्युटीचा चार्ज दुसऱ्याच्या हातात देताना सगळं साफ, चालू स्थितीत देतो. मेलेली गाडी मान्यांना द्यायची नाही, म्हणूनच ही सगळी धडपड असेल तर? दिलेला शब्द नीट पाळायचा म्हणून?
दोन्ही तितकंच खरं वाटतं. एकच काटा, इकडेही झुकतो नि तिकडेही.

३ फेब्रु., मंगळवार
मॅडमना घरचा पेच सांगितला. म्हणाल्या प्रश्न उलटसुलट विचारा, चित्रं ठेवा, हाताने निवडू द्या.
आल्यावर केलं.
"फटफटी घरी ठेवायची?" "व्हय."
"मान्यांना द्यायची?" "व्हय."
मग दोन कागद. एकावर आपलं घर काढलं, एकावर मान्यांची मोटार (त्यांची जीप आबांना ठाऊक आहे). मध्ये फटफटीची किल्ली ठेवली. म्हटलं, "किल्ली कुठं जायची ती तुम्ही ठेवा."
आबांनी किल्ली उचलली. बराच वेळ घराकडे बघितलं, बराच वेळ जीपकडे. मग किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली. दोन्ही कागदांच्या बाहेर.
मी म्हटलं, "मला कळलं नाही, आबा."
त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे काय, तेही कळलं नाही.

५ फेब्रु., गुरुवार
मान्यांचा फोन. रविवारी येतो, बरोबर छोटा टेम्पो आणतो म्हणाले. मी ‘बरं’ म्हटलं. माझंही ‘बरं’ आबांच्या ‘व्हय’सारखंच.
संध्याकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं ठेवली. आता चौथ्या किकला होते.

८ फेब्रु., रविवार
माने अकराला आले. माणूस चांगला आहे, वाईट असता तर सोपं झालं असतं. आबांच्या पाया पडले. आबा सकाळपासून इस्त्रीच्या कपड्यांत.
शेडमध्ये गेले. मान्यांनी बॅटरी बघितली, एकदम म्हणाले, "वा, पाण्याची घातलीय. आणि प्लस बॉडीला! हे कुणी केलं?"
मी म्हटलं, "आबांनी सांगितलं, मी जोडलं." एकदा उलटं जोडलं हे सांगितलं नाही.
त्यांना सगळं ठाऊक होतं. काटा मध्ये आणून दुसऱ्या किकला चालू केली. मला राग आला. का यावा? त्यांच्या हाती गाडी सुखात राहील, माझ्यापेक्षा सुखात, हे डोळ्यांसमोर दिसत होतं.
चहा झाला. टेम्पोवाला फळी टाकून तयार. मी धीर करून म्हटलं, "भाऊ, एक सांगायचंय. आबा सगळ्यालाच व्हय म्हणतात. दिवाळीत म्हणाले तेही… मला खात्री नाही. ह्यांना वाटतं शब्द दिलाय. मला काही ठरवता येत नाही."
मान्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "वैनी, हे तुमी तवाच सांगायचं." रागावून नाही म्हणाले. मग उठून आबांच्या खुर्चीपुढे उकिडवे बसले, दोन्ही हातांत त्यांचा डावा हात घेतला.
"आबा, मी माने. फटफटी न्यायला आलोय. न्यायची का आज?"
 आता ‘व्हय’ येणार. ‘व्हय’ आलं की टेम्पो जाणार.
आबांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळावर घाम. ओठ चाचपडत होते. आणि मग,
"उद्या."
माने माझ्याकडे, मी मान्यांकडे.
"उद्या येऊ, आबा?"
"उद्या."
मान्यांनी टेम्पोवाल्याला फळी काढायला सांगितली.

९ फेब्रु., सोमवार
नऊ वाजता मान्यांचा फोन. "काय म्हणत्यात आबा, येऊ का?"
आबांना विचारलं. "उद्या." तसंच सांगितलं.
माने हसले. जरा थांबून परत हसले. म्हणाले, "बरं. पण वैनी, उद्यापण विचारणार हाय मी."
ह्यांना कळवलं. "उद्या म्हणजे नेमकं काय?" विचारतात. उद्या देतो? का आज देत नाही? का ‘सावधान’सारखा आपोआप परत आलेला हा एक, असाच, काही अर्थ नसलेला? मी म्हटलं, मला माहीत नाही. हे म्हणाले, "तू काय म्हणतेस पण? तुला काय वाटतं?"
हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. सांगते म्हटलं. सांगितलं मात्र नाही अजून.

१० फेब्रु., मंगळवार
सांगली. मॅडम लय खूश, नवा शब्द आला म्हणून. वहीत लिहून घेतला. विचारलं, "अर्थाने म्हणाले की आपोआप?"
मी म्हटलं, "ते तुम्हीच सांगा."
त्या म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. घरात कोण असतं त्यांच्याजवळ?"
"मी."
त्यांनी वही मिटली.
परतीच्या एसटीत आबांना झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. पलूसच्या अलीकडे मान्यांचा फोन वाजला. उचलला नाही. घरी आल्यावर करू म्हटलं.
घरी आल्यावर आधी शेडमध्ये गेले. बॅटरीची टोपणं उघडली. मधल्या घरात पाणी रेघेच्या जरा खाली. भरलं. आबा मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलंही नाही. मान्यांचा फोन पुन्हा वाजायला लागला. मी आबांकडे बघितलं. आबा माझ्याकडे बघत होते, मी काय सांगते त्याची वाट बघत असल्यासारखे.